मुखवट्याखाली कोण?

‘कॅप्टन अमेरिका’चा १७५वा अंक, जुलै १९७४. व्हाइट हाउसच्या हिरवळीवरची मारामारी संपली आहे. देश ताब्यात घेऊ पाहणाऱ्या ‘सीक्रेट एम्पायर’ या गुप्त संघटनेचा कट उधळला गेला आहे. तिचा बुरखाधारी म्होरक्या, ‘नंबर वन’, जीव घेऊन पळतो आणि थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो. कॅप्टन अमेरिका मागोमाग जातो, त्याला गाठतो आणि बुरखा ओढून काढतो. खालचा चेहरा कॅप्टनला दिसतो, वाचकाला नाही. वाचकाला दिसतो तो हादरलेला कॅप्टन. देशातलं फार मोठं पद आपल्याकडे होतं, पण कायद्याच्या मर्यादा आपल्याला पुरत नव्हत्या, असं नंबर वन सांगतो आणि पिस्तूल स्वतःवरच चालवतो.

चेहरा न दाखवूनही त्या उन्हाळ्यात तो कोणाचा, हे कुणाला विचारावं लागलं नाही. वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या रिचर्ड निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्षपद सोडलं. बुरख्याखाली निक्सनच होता, हे लेखक स्टीव्ह एंगलहार्टने पुढे उघडपणे सांगितलं.

कॉमिक्समध्ये राजकारण आणावं की आणू नये, हा वाद अधूनमधून उठतो. सुपरहिरोंचा इतिहास चाळला तर त्यात दम नाही हे लगेच कळतं, कारण राजकारण तिथे पहिल्या अंकापासून आहे. खरी परीक्षा दुसरीच आहे. खलनायकाचा बुरखा निघाल्यावर खाली कोण सापडतो? परका, वेडा, की आपल्याच गल्लीतला ओळखीचा माणूस? आणि त्याला शिक्षा होते ती नेमकी कोणत्या गुन्ह्याची? गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत या दोन प्रश्नांना जिथे सरळ उत्तर मिळालं, तिथे कॉमिक्स मोठं झालं. जिथे उत्तर टाळलं गेलं, तिथे चांगल्या चांगल्या कथा शेवटच्या दोन पानांत ढासळल्या.

जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. त्याचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. क्लीव्हलंडमध्ये वाढलेली, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली ही पोरं. महामंदीने गावोगावचे कारखाने बंद पडलेले त्यांनी पाहिले होते. त्यांचा सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसांशी लढायला आलाच नव्हता. पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि एका सिनेटरला हाताशी धरून देशाला युद्धाकडे ढकलू पाहणाऱ्या दलालाचा माग काढतो. दुसऱ्या अंकात त्या दलालामागचा शस्त्रास्त्रांचा कारखानदार हाती लागतो. सुपरमॅन त्याला तुरुंगात टाकत नाही. ज्या लढाईसाठी तो माल विकतो, त्याच लढाईत त्याला साधा शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो. स्वतःच्या कारखान्यातले गोळे डोक्यावरून जाऊ लागतात तेव्हा त्या माणसाला आपला धंदा काय आहे ते समजतं.

तिसरा अंक तर आजही थक्क करतो. ब्लेकली नावाच्या मालकाची कोळशाची खाण. आत दरड कोसळते आणि एक स्थलांतरित मजूर कायमचा जायबंदी होतो. खाण धोक्याची आहे हे त्या मजुराने आधीच सांगितलेलं असतं, कुणी कानावर घेतलेलं नसतं. बातमीदार क्लार्क केंट मालकाला जाब विचारायला जातो, तर मालक हात झटकून मोकळा होतो. मग सुपरमॅन मजुराच्या वेशात त्याच्या बंगल्यावर पोचतो. तिथे मेजवानी रंगलेली असते. खाण आतून कशी असते ते पाहायची पाहुण्यांना हौस येते आणि उंची कपड्यांतली सगळी मंडळी खाली उतरतात. सुपरमॅन मागची वाट ढासळवतो. मालक धोक्याची घंटा वाजवायला धावतो, तर ती गंजलेली. पाहुणे हातात कुदळ-फावडं घेतात आणि थोड्याच वेळात कोलमडतात. या संपूर्ण कथेत सुपरमॅन अंगातलं निळं-लाल काढून दाखवतच नाही, मजुराच्या कपड्यांतच वावरतो. शेवटी मालक कबूल करतो की खाण सुरक्षित करायलाच हवी.

तेरा पानांची ही गोष्ट. खलनायकाकडे यंत्रमानव नाही की मृत्युकिरण नाही. त्याचा गुन्हा आहे गंजलेली घंटा, आणि त्याला शासन होतं ते त्याच घंटेपाशी. पुढच्या पन्नास वर्षांत राजकीय कॉमिक्स लिहिणाऱ्या अनेकांना ही साधी जुळणी जमली नाही.

खुद्द सुपरमॅनलाही ती फार काळ टिकवता आली नाही. लाखोंनी अंक खपू लागले, फेब्रुवारी १९४०मध्ये त्याचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, खेळणी आली, कार्टूनपट आले. जपायला आता मोठा धंदा होता, त्यामुळे प्रकाशकांनी मर्यादा घालायला सुरुवात केली. खाणमालक आणि दलाल मागे पडले, वेडे शास्त्रज्ञ पुढे आले.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी मात्र उलटी वाट धरली. सायमनला आधी सापडला तो खलनायक, आणि त्याच्यासाठी मग नायक घडवला गेला. खलनायक कल्पनेतला नव्हता, बर्लिनमध्ये जिवंत होता. मार्च १९४१ची तारीख असलेला ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक डिसेंबर १९४०मध्येच विक्रीला आला. मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावताना दिसतो. आज हे चित्र देशभक्तीचं सोपं प्रतीक वाटतं. तेव्हा ते सोपं नव्हतं. अमेरिका युद्धात नव्हती आणि तिने उतरू नये असं म्हणणारे कमी नव्हते. फेब्रुवारी १९३९मध्ये न्यूयॉर्कच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘जर्मन-अमेरिकन बुंड’ या नाझीधार्जिण्या संघटनेच्या सभेला सुमारे २०,००० माणसं जमली होती. अंक बाजारात आल्यावर धमक्यांची पत्रं आली, कचेरीबाहेर संशयास्पद माणसं घुटमळू लागली. पोलिसांचा पहारा बसला आणि महापौर ला ग्वार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, अशी आठवण सायमनने लिहून ठेवली आहे. चित्रातला ठोसा बसला होता बर्लिनमध्ये, पण तो झोंबला होता न्यूयॉर्कमधल्या माणसांना.

युद्ध प्रत्यक्ष सुरू झाल्यावर ही धार बोथट झाली. नाझींना निदान वेगवेगळे चेहरे मिळाले. जपानी माणूस मात्र पुढे आलेल्या दातांचा, पिवळ्या कातडीचा, अर्धा पशू म्हणून रंगवला गेला. एक माणूस आणि दुसरा माणूस यांत फरकच उरला नाही. याच काळात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं होतं, आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. एका हुकूमशहाचा चेहरा दाखवणं वेगळं आणि एका वंशाचा चेहरा पुसून टाकणं वेगळं. युद्धातल्या कॉमिक्सनी दोन्ही केलं, आणि दुसऱ्याचा हिशेब द्यायला त्यांनी फार वर्षं लावली.

युद्धानंतरचं सर्वांत धाडसी काम छापील पानावर झालं नाही, रेडिओवर झालं. १९४६च्या जून-जुलैमध्ये ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ कार्यक्रमात सोळा भागांची एक मालिका ऐकवली गेली. टॉमी ली हा चिनी-अमेरिकन मुलगा वस्तीतल्या बेसबॉल संघात येतो. गोलंदाज म्हणून तो आधीच्या मुलापेक्षा सरस निघतो आणि चक रिग्ज या मुलाची जागा जाते. चिडलेला चक काकाला सांगतो. काका एका गुप्त संघटनेचा मुख्य. कू क्लक्स क्लॅनचं नाव न घेता तिचंच चित्र उभं केलेली ही संघटना. पांढरे झगे, टोकदार बुरखे, टॉमीच्या घरासमोर पेटवलेला क्रूस.

या मालिकेतला बुरखा निघतो तेव्हा खाली चकचा काका असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असलेला माणूस. आणि एक गोष्ट आणखी खोल जाते. हा काका वरिष्ठांना भेटतो तेव्हा वरिष्ठ त्यालाच वेड्यात काढतो. द्वेषबिष्‌ हे सगळं सभासदांसाठी. आपण वर्गणी, झगे आणि बुरखे विकणारा धंदा चालवतो, असं त्याचं म्हणणं. द्वेषाचं अर्थकारण आठ-दहा वर्षांच्या मुलांना कळेल अशा भाषेत सांगणारा दुसरा नमुना त्या काळात सापडणं कठीण. दोन टोकांमध्ये उभा असतो तो छोटा चक. चूक त्याने सुरू केली, ती निस्तरायचं बळही त्यालाच गोळा करावं लागतं. ऐकणाऱ्या गोऱ्या मुलांना ही गोष्ट टॉमीपेक्षा चकच्या जागी उभं राहून ऐकावी लागली. तिचं सगळं सामर्थ्य तिथे आहे.

पुढे आठ वर्षांनी दार बंद झालं. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक १९५४मध्ये आलं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, गुन्हेगार होतात, हा त्याचा आरोप. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे न्यूयॉर्कमध्ये सुनावणी झाली. सरकार कायदा करील या धास्तीने प्रकाशकांनी ऑक्टोबरमध्ये स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता स्वीकारली. रक्तपात आणि भयकथांना तिने बंदी घातली हे सर्वांना माहीत असतं. पण राजकीय कथांचा गळा आवळणारं कलम वेगळंच होतं: पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असं काही दाखवायचं नाही. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर घाऊक विक्रेते गठ्ठा न उघडताच परत पाठवत. म्हणजे १९३८च्या सुपरमॅनच्या गोष्टीतला, दलालाच्या हाताशी असलेला सिनेटर आता कॉमिक्समध्ये येऊच शकत नव्हता.

कोडचा काच कुठवर जात होता हे एका छोट्या गोष्टीवरून कळतं. ती सुपरहिरोची नाही, पण मुखवट्याची आहे. ‘ईसी’ या प्रकाशनाने १९५३मध्ये ‘जजमेंट डे’ नावाची विज्ञानकथा छापली होती. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करायला येतो. तो ग्रह प्रजासत्ताकात सामील व्हायला लायक आहे का, ते त्याला ठरवायचं असतं. तिथे नारिंगी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव. आतली जोडणी अगदी सारखी, फरक फक्त वरच्या पत्र्याच्या रंगाचा. तरीही निळ्यांची वस्ती वेगळी, काम हलकं, बसमधली जागा मागची. अंतराळवीर नकार कळवून यानात परततो आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय असतो. कपाळावरचे घामाचे थेंब दूरच्या ताऱ्यांसारखे चमकतात. बस्स, एवढंच.

१९५६मध्ये ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कोडचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी अंतराळवीर काळा दाखवायला हरकत घेतली. कथेचा जीवच त्या एका चेहऱ्यात होता. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी हे प्रकरण जगजाहीर करायची तंबी दिली. मग निदान घामाचे थेंब तरी काढा, असा आग्रह झाला. गेन्स यांनी तोही मानला नाही आणि कथा होती तशी छापली. ‘ईसी’चा तो शेवटचा कॉमिक्स अंक ठरला.

मोठ्या प्रकाशकांनी असा हट्ट धरला नाही. कॅप्टन अमेरिकाला १९५३-५४मध्ये ‘कम्युनिस्टांचा कर्दनकाळ’ म्हणून परत आणलं गेलं आणि तीन अंकांत ते गुंडाळावं लागलं. मग सुपरहिरोंना नवा बहर आला तो साठच्या दशकात. डिसेंबर १९६३च्या ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये ‘हेट-माँगर’ हा क्लॅनसारखा जांभळा बुरखा घातलेला खलनायक येतो. तो रस्त्यावर भाषणं करून परदेशी आणि परधर्मी लोकांविरुद्ध जमाव भडकवतो. विषय ताजा होता, जळता होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅममधल्या एका चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार कृष्णवर्णीय मुलींना ठार मारण्यात आलं. मारणारे क्लॅनचे स्थानिक सभासद होते. कॉमिक्समध्ये मात्र बुरखा निघतो आणि खाली निघतो हिटलर. शिवाय लोक भडकतात तेही एका किरणयंत्रामुळे. यंत्र फुटलं की सगळे पुन्हा सज्जन! बर्मिंगहॅमच्या माणसांना कुठल्याही किरणाची गरज पडली नव्हती.

१९६६मध्ये ‘अव्हेंजर्स’मधल्या ‘सन्स ऑफ द सर्पंट’ या वर्णद्वेषी टोळीच्या बाबतीत तेच घडलं. अमेरिका फक्त गोऱ्यांची, असं ओरडणाऱ्या या टोळीचा म्होरक्या शेवटी निघतो जनरल चेन, शत्रुराष्ट्राचा आशियाई सेनानी. या कथांचे लेखक स्टॅन ली यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. वर्णद्वेषाविरुद्ध ते जाहीरपणे लिहीत. पण अंक खाली ठेवणाऱ्या मुलाच्या मनात काय उरलं? द्वेष बाहेरून येतो; आपल्या देशात तो मुळात नाही. १९७०मध्ये रॉय थॉमसने त्याच टोळीची पुढची कथा लिहिली तेव्हा ही चूक सुधारली. या वेळी बुरख्याखाली टीव्हीवरचे दोन निवेदक निघाले, एक गोरा आणि एक काळा. पडद्यावर हमरीतुमरीवर येणारे, पडद्यामागे भागीदार असणारे. आजच्या वाचकाला हे दोघे फार ओळखीचे वाटतील.

एप्रिल १९७०मध्ये डेनिस ओनील आणि नील ॲडम्स यांनी ‘ग्रीन लँटर्न’च्या ७६व्या अंकातून राजकारण उघडपणे पटावर आणलं. एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसाचा सवाल गाजला: निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या परग्रहवासीयांसाठी तू इतकं केलंस, काळ्या कातडीच्या माणसांसाठी काय केलंस? ग्रीन लँटर्न मान खाली घालतो. ती चौकट अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासात कायमची कोरली गेली आहे, आणि योग्यच आहे. पण पुढची पानं कुणी फारशी आठवत नाही. भाडेकरूंना रस्त्यावर काढू पाहणारा घरमालक स्लेड अखेर पकडला जातो तो मारेकरी पाठवल्याबद्दल. ती मोडकळीला आलेली चाळ, ती घर खाली करण्याची नोटीस, हे सगळं कायदेशीरच होतं आणि कथेच्या शेवटीही कायदेशीरच राहिलं. स्लेडने मारेकरी पाठवले नसते तर नायक काय करणार होता? १९३८च्या खाणमालकाशेजारी स्लेडला उभं केलं की उणीव डोळ्यांत भरते. चाळीच्या गुन्ह्याची शिक्षा चाळीसाठीच व्हायला हवी होती.

म्हणूनच एंगलहार्टचं काम एवढं मोलाचं. युद्धाला तत्त्वतः नकार देऊन सैन्यातून बाहेर पडलेल्या या तरुण लेखकाकडे १९७२मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, कॅप्टन अमेरिकाची सूत्रं आली. त्याने आधी जुन्या अंकांचा कागदोपत्री घोळ हाती घेतला. साठच्या दशकात ठरलं होतं की कॅप्टन महायुद्धाच्या शेवटापासून बर्फात गोठलेला होता. मग १९५४मध्ये कम्युनिस्टांना बडवत फिरणारा कॅप्टन कोण? एंगलहार्ट आणि चित्रकार सॅल बुसेमा यांनी १५३ ते १५६ या चार अंकांत उत्तर दिलं. तो दुसराच माणूस होता. कॅप्टनवर भक्ती असलेला, त्याचाच चेहरा शस्त्रक्रियेने करून घेतलेला एक अमेरिकन. शक्तीचं औषध अर्धवट घेतल्यामुळे त्याचं डोकं फिरलं; त्याला जो तो देशद्रोही दिसू लागला आणि काळे लोक तर आधी. सरकारने त्याला गुपचूप निद्रिस्त करून ठेवलं होतं. आता तो जागा होतो आणि एकाच वेषातले दोन कॅप्टन एकमेकांपुढे उभे ठाकतात. प्रत्येकाला वाटतं की खरी अमेरिका आपण. औषधाने डोकं फिरवण्याची पळवाट इथेही आहेच. तरीही बुरखा निघाला तेव्हा नायकाला समोर स्वतःचाच चेहरा दिसला, हे सुपरहिरो कॉमिक्समध्ये त्यापूर्वी क्वचितच घडलं होतं.

सीक्रेट एम्पायरची कथा याच वाटेवरची पुढची मजल. तिच्यातलं शस्त्र लक्षात घ्यावं. क्वेंटिन हार्डरमन हा जाहिरातबाज टीव्हीवर कॅप्टनविरुद्ध जाहिराती चालवतो. तोंडाला मुखवटा लावून कायदा हातात घेणाऱ्या या माणसाला कुणी निवडून दिलं, असा त्याचा सवाल. निक्सन यांचे विश्वासू एच. आर. हाल्डेमन खरोखरच जाहिरात कंपनीतून आले होते, आणि नावातलं साम्य वाचकांनी लगेच ओळखलं. हार्डरमनचा सवाल मात्र खोटा नाही. तो बदमाश आहे आणि त्याचा प्रश्न बरोबर आहे. कॅप्टनला ठोसा मारून तो सोडवता येत नाही. १७६व्या अंकात कॅप्टन बसून विचार करतो, मित्र येऊन समजावतात, आणि तो ढाल खाली ठेवतो. काही महिने तो ‘नोमॅड’, म्हणजे देश नसलेला भटक्या, या नावाने वावरतो. लोकप्रिय मासिकाने नायकाला आपल्याच नावाची लाज वाटू द्यावी, ही छोटी गोष्ट नव्हती.

१९७६मध्ये डॉन मॅकग्रेगरने ‘जंगल ॲक्शन’मध्ये ब्लॅक पँथरला जॉर्जियात क्लॅनसमोर उभं केलं. २४व्या अंकावर मासिकच बंद झालं आणि कथा अर्धीच राहिली.

त्याच वर्षी मुंबईत एक वेगळा प्रयत्न झाला. टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने मार्च १९६४पासून फँटमला, म्हणजे आपल्या वेताळाला, मराठीसह अनेक भाषांत घरोघरी पोचवलं होतं. गोऱ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या काळ्या माणसांचं रक्षण करायचं, हा त्या कथांचा पाया. भारतीय वाचकांना खटकू नये म्हणून ‘बंगाला’चं ‘डेंकाली’ झालं, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. नावं बदलली, पाया तोच राहिला. मग १९७६मध्ये आबिद सुरतींनी ‘बहादूर’ आणला. त्याचा बाप डाकू. बापाला मारणारा पोलीस अधिकारीच त्याला वाढवतो, आणि सुडासाठी तापलेल्या या तरुणाला बाप कोण होता हे कळतं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकते. खलनायक घरात निघतो. परदेशी वेताळापेक्षा हे बीज कितीतरी आपलं होतं.

खलनायकाचं म्हणणं ऐकून घ्यायला अमेरिकन कॉमिक्सना ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. १९६३मधल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकातला खलनायक मॅग्नेटो नुसता जगज्जेता व्हायला निघालेला होता. क्रिस क्लेरमाँटने १९८१च्या ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १५०व्या अंकात त्याला ऑशविट्झमधून वाचलेला माणूस केलं. लढाईत किटी प्राइड ही ज्यू पोर त्याच्या हातून कोसळते. आपण तिला मारलं असं वाटून तो थांबतो, आणि आपण कोणासारखे झालो आहोत ते त्याला दिसतं. पुढच्याच वर्षी ब्रेंट अँडरसनच्या चित्रांसह ‘गॉड लव्हज, मॅन किल्स’ आलं. पहिल्याच पानांवर दोन कृष्णवर्णीय म्युटंट, म्हणजे जन्मतः वेगळ्या शक्ती असलेल्या, मुलांना गोळ्या घालून शाळेच्या झोपाळ्याला लटकवलेलं असतं. त्यांना खाली उतरवणारा मॅग्नेटो असतो. यातला खलनायक रेव्हरंड विल्यम स्ट्रायकर मुखवटा घालतच नाही. तो टीव्हीवर लोकप्रिय धर्मोपदेशक आहे आणि त्याची अखेरची सभा भरते मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. भर सभेत तो किटीवर पिस्तूल रोखतो. त्याला थांबवतो एक साधा पोलीस, गोळी झाडून. एक्स-मेन त्याच्याशी वाद घालत असतात, तोही हजारो श्रोत्यांसमोर. त्यानंतर मॅग्नेटोचा प्रश्न उरतोच: हे असंच चालणार असेल तर सत्ता का घेऊ नये? एक्स-मेनचे गुरू प्रोफेसर झेव्हियर क्षणभर डळमळतात. खलनायकाच्या मुद्द्याला एवढा मान देणारं पान सुपरहिरो साहित्यात विरळाच.

सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर याचीही दिशा १९८६मध्ये बदलली. वेड्या शास्त्रज्ञाचा तो शहराचा मालक असल्यासारखा वागणारा उद्योगपती झाला. अशा खलनायकाशी लढायला ठोशापेक्षा क्लार्क केंटची बातमीदारी जास्त कामाची. २०००मध्ये तर तो निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला. केवढी संधी होती! पण त्याची सत्ता गेली ती मतपेटीने नाही, वृत्तपत्राने नाही. क्रिप्टोनाइट मिसळलेलं औषध टोचून घेऊन, चिलखत चढवून तो सुपरमॅनशी झुंजायला उतरला तेव्हा. राजकारण्याला वेडा करून टाकलं की त्याच्या राजकारणाचा विचार करायची गरज उरत नाही.

हीच खोड आजही जात नाही. २०१८च्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात किलमाँगरचा सवाल रास्त आहे: जगभरचे कृष्णवर्णीय चिरडले जात असताना श्रीमंत वकांडा देश लपून का बसला? तो चुकीचा ठरावा म्हणून कथा त्याला स्वतःच्या प्रेयसीवर गोळी झाडायला लावते. त्या चित्रपटाची बाजू एवढी की वकांडाचा राजा टीचाला शेवटी पूर्वजांना चुकीचं ठरवतो आणि ओकलंडमध्ये केंद्र उघडतो. हरलेल्याचा मुद्दा जिंकलेला मान्य करतो. २०२१च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’मध्ये निर्वासितांसाठी लढणाऱ्या कार्ली मॉर्गेनथॉच्या हाती तर अगदी गरजेपुरता बॉम्ब ठेवला जातो. तिचं म्हणणं पटू लागताच तिने माणसं जाळायची, हे लेखकांना सोयीचं आहे. न्याय मागणाऱ्या माणसाला प्रेक्षकांनी दूर लोटावं म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती सोडून द्यायला हवी.

चांगले नमुने नाहीत असं मुळीच नाही. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांच्या २००३च्या ‘ट्रुथ’मध्ये कॅप्टनचं औषध आधी काळ्या सैनिकांवर वापरून पाहिलं गेलं असं उघड होतं. टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या आरोग्यखात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर जो अमानुष प्रयोग चालवला, त्याची आठवण ‘ट्रुथ’च्या पानापानांत आहे. २०१९मध्ये जीन लुएन यांग यांनी १९४६ची ती रेडिओ मालिका ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ या नावाने पुन्हा सांगितली. परग्रहावरून आलेला सुपरमॅनच मुळात स्थलांतरित आहे आणि खरं रूप लपवून जगतो आहे, हे त्यांनी टॉमीच्या बहिणीच्या नजरेतून दाखवलं.

त्याच २०१९मध्ये ‘माउस’कार आर्ट स्पीगलमन यांना मार्व्हलच्या १९३९ ते १९४९मधल्या कॉमिक्सच्या एका संग्रहासाठी प्रस्तावना लिहायला सांगितलं गेलं. तिच्यात त्यांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून ‘ऑरेंज स्कल’ असे शब्द वापरले. मार्व्हलला आता राजकारणापासून दूर राहायचं आहे, ते शब्द काढा, असं त्यांना कळवण्यात आलं. स्पीगलमन यांनी प्रस्तावनाच मागे घेतली आणि वर्तमानपत्रात छापली. तो संग्रह ज्या दशकाचा होता, त्याच दशकात सायमन आणि कर्बी यांनी हिटलरच्या जबड्यावर ठोसा काढला होता. तो अंक विक्रीला आला तेव्हा अमेरिका युद्धात उतरायला अजून जवळजवळ एक वर्ष होतं.